राज्याने फौजदारी आणि दिवाणी कायद्यांत बदल सुचवायचा तर कोणता? ‘शक्ती’ विधेयकाच्या अनुभवावरून एक प्रश्न

ओसरी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याला एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर चर्चा होते. मागच्या बैठकीला आमच्या मतदारसंघाचे आमदार आले होते. न्यायदानाशी संबंधित एखादे अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले) मांडण्याचा आपला विचार आहे, नागरिकांनी त्याचा कच्चा आराखडा दोन पानांत लिहून द्यावा, असे त्यांनी सांगितले. लोकप्रतिनिधीने आपणहून असे काही मागावे, हे क्वचितच घडते. त्यामुळे मंडळींचा उत्साह मोठा आहे आणि मतभेदही तेवढेच मोठे आहेत.

बैठकीत दोन सूचना पुढे आल्या. स्त्रिया आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांचा तपास व खटला प्रत्येकी तीस दिवसांत संपवावा आणि अतिगंभीर प्रकरणांत फाशीची तरतूद करावी, अशी पहिली सूचना आहे. जमीन-जुमल्याचा दिवाणी दावा दाखल झाल्यापासून दोन वर्षांत निकाली काढणे न्यायालयावर बंधनकारक करावे, अशी दुसरी. दुसरी सूचना मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांचे स्वतःचे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत, हे वेगळे सांगायला नको.

माझी अडचण अशी की, पहिल्या सूचनेसारखे विधेयक या राज्याने एकदा आणून झाले आहे. आंध्र प्रदेशाच्या ‘दिशा’ विधेयकाच्या धर्तीवर तयार केलेले ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मांडले, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने सुचवलेल्या बदलांसह डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. एवढे होऊनही ते कायदा म्हणून अमलात आले नाही. सभागृहांनी मंजूर केलेल्या विधेयकाची ही गत होत असेल, तर एका आमदाराच्या अशासकीय विधेयकात तीच मागणी पुन्हा लिहून देण्यात काय अर्थ आहे, असे मी बैठकीत विचारले; त्यावर मला ‘तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेता’ असे ऐकावे लागले.

जाणकारांनी कृपया सांगावे: फौजदारी आणि दिवाणी प्रक्रियेचे कायदे केंद्राचे असताना राज्याला त्यांत हात घालता येतो का? येत असेल, तर काही विधेयके कायदा होतात आणि काही अडकून पडतात, असे का होते? आणि दोन पानांत मागण्यासारखे नेमके काय आहे?

जुना मसुदा यांचे उत्तर

विधेयकांचे मसुदे लिहिण्या-तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

राज्याला हात घालता येतो. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि दिवाणी प्रक्रिया हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत आहेत (नोंदी १, २ आणि १३). सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांची रचना हा विषय बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याच सूचीत नोंद ११-क म्हणून आला. संसद आणि विधिमंडळ या दोघांनाही या विषयांवर कायदे करता येतात. मात्र राज्याची तरतूद केंद्राच्या तरतुदीशी विसंगत ठरली, तर अनुच्छेद २५४ नुसार केंद्राची तरतूद टिकते आणि राज्याची तेवढ्यापुरती गळून पडते. यातून वाट एकच आहे. राज्यपालांनी ते विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवायचे आणि राष्ट्रपतींनी त्याला अनुमती द्यायची. ती मिळाली, की विसंगती असूनही त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. त्यानंतरही संसदेला नवा कायदा करून तो बाजूला सारता येतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

राष्ट्रपतींची अनुमती म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाचा सल्ला. असे विधेयक केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, तेथून संबंधित मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी फिरते आणि त्याची तपासणी मुख्यतः तीन अंगांनी होते: केंद्रीय कायद्याशी विसंगती किती आहे, राष्ट्रीय धोरणापासून फारकत होते का, आणि ते घटनात्मक कसोटीवर टिकेल का. यासाठी अनुच्छेद २०१ मध्ये कालमर्यादा नाही. तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने राष्ट्रपतींसाठी तीन महिन्यांची मुदत आखून दिली होती; परंतु राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिमतावर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले, की न्यायालयाला अशी मुदत घालता येणार नाही आणि मुदत उलटली म्हणून अनुमती मिळाली असे मानताही येणार नाही. म्हणजे वाट पाहण्याला अंत नाही, ही स्थिती आजही कायम आहे.

आता ‘काही विधेयके कायदा होतात, काही अडकतात’ याविषयी. २०१९ चे आंध्र प्रदेशाचे ‘दिशा’, आपले ‘शक्ती’ आणि कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या विधानसभेने मंजूर केलेले ‘अपराजिता’ ही तिन्ही विधेयके एका घराण्यातील आहेत. केंद्रीय कायद्यात आधीच असलेला गुन्हा घ्यायचा, त्याची शिक्षा वाढवायची आणि तपासाचे व खटल्याचे दिवस कमी करायचे, अशी त्यांची रचना आहे. तेथे विसंगती अपघाताने आलेली नसते, विसंगती हाच विधेयकाचा हेतू असतो. ‘अपराजिता’त तर बलात्कारामुळे पीडितेचा मृत्यू झाल्यास फाशी हीच एकमेव शिक्षा ठेवली होती, आणि अशी सक्तीची फाशी घटनेच्या कसोटीवर टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच, भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ रद्द करताना, स्पष्ट केले आहे. ‘शक्ती’त फाशी सक्तीची नव्हती, हा फरक त्याच्या बाजूने नोंदवला पाहिजे.

याच्या शेजारी सामाजिक बहिष्काराचा कायदा ठेवून पाहा. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, लग्नकार्याला किंवा अंत्यविधीला येण्यास इतरांना मज्जाव करणे, दंड आकारून ‘परत जातीत घेणे’ यांना नेमका लागू पडेल असा गुन्हा केंद्रीय कायद्यात नव्हता. आपल्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि जुलै २०१७ मध्ये कायदा अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोषारोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असे म्हटले आहे आणि तक्रारदाराला मदत करण्यासाठी सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिकाऱ्याचे पद त्यात निर्माण केले आहे. शिक्षा मध्यम आहे, पण जेथे कायद्याची जागा रिकामी होती तेथे तो नेमका बसला. माझ्या मते विधेयक तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की यामुळे कोणती रिकामी जागा भरली जाते. ‘शिक्षा किती वाढते’ हा प्रश्न सभागृहात टाळ्या मिळवतो, परंतु कायदा होण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत निरुपयोगी आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या आमदारांना अवश्य सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हे कायदे राहिले नाहीत. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. ‘शक्ती’ विधेयक ज्या संहितांत दुरुस्ती करणार होते, त्या संहिताच उरल्या नाहीत. हे केवळ प्रलंबित विधेयकाचेच झाले असे नाही. तहसील कार्यालयात किंवा एस.टी. आगारात गेलात, तर भिंतीवर ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास’ असा फलक दिसतो. ती पाच वर्षे महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरत्या केलेल्या दुरुस्तीने आली होती. मूळ कलमात दोनच वर्षे होती. नव्या न्याय संहितेत त्याच गुन्ह्याचे कलम १३२ आहे आणि त्यात पुन्हा दोन वर्षेच आहेत. तरीही अनेक ठिकाणी फलक जुनाच आहे आणि तो वाचून वरमणारे नागरिकही.

समुपदेशन कक्ष यांचे उत्तर

मी स्त्रियांच्या एका मदत केंद्रात काम करते आणि न्यायालयात पीडितांच्या सोबतीला जाते. ओसरी यांना बैठकीत जे ऐकावे लागले ते आम्हांलाही २०२० मध्ये ऐकावे लागले होते, कारण राज्यातील अनेक महिला संघटनांनी आणि स्त्री वकिलांनी ‘शक्ती’च्या मूळ मसुद्यावर जाहीर आक्षेप घेतले होते.

आक्षेप फाशीपुरते नव्हते. खोटी तक्रार केल्याबद्दल तक्रारदारालाच शिक्षा देणारे वेगळे कलम त्या मसुद्यात होते. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा आरोपी हा नातेवाईक, शेजारी किंवा ओळखीचा असतो. घरातून दबाव आल्यावर ती जबाब बदलते आणि खटला सुटतो. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे होते’ यांतील अंतर पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या मुलीला कोण समजावून सांगणार? अशा कलमाची नुसती कुणकुण लागली, तरी ती तक्रार द्यायचे टाळते. फाशीचेही तसेच आहे. चुलत्याला किंवा मामाला फासावर चढवावे लागेल, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा म्हटले, की पुढचे काही बोलणेच होत नाही. आणि पीडितेला जिवंत ठेवले काय किंवा मारले काय, शिक्षा एकच असेल, तर आरोपी कोणता मार्ग निवडेल ही भीतीही कायद्याच्या अभ्यासकांनी तेव्हा मांडली होती.

दिवसांच्या मर्यादेविषयी. मूळ मसुद्यात तपासासाठी पंधरा दिवस होते, संयुक्त समितीने ते तीस केले. पण बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करावा आणि दोषारोपपत्रानंतर खटला दोन महिन्यांत संपवावा, असे केंद्रीय कायद्यात आधीपासूनच लिहिलेले होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ती मर्यादा जेथे पाळली जात नाही तेथे ती का पाळली जात नाही, हे कोणी विचारत नाही. तिचे निम्मे करा, एवढेच म्हणतात.

एका प्रकरणातला अनुभव सांगते. मुलीची वैद्यकीय तपासणी वेळेत झाली, नमुने सीलबंद झाले. ते प्रयोगशाळेत पोहोचवण्यासाठी एक शिपाई मुद्देमालाची पेटी घेऊन एस.टी.ने गेला आणि सोबतच्या पत्रातील नोंद व बाटलीवरील चिठ्ठी जुळत नाही म्हणून ती पेटी तशीच परत आणावी लागली. पत्र दुरुस्त होऊन, नव्या जावक क्रमांकाने, वरिष्ठांच्या सहीनिशी पुन्हा जाईपर्यंत त्या शिपायाला बंदोबस्ताची ड्युटी लागली. नंतर सी.ए. रिपोर्टची, म्हणजे प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट. दोषारोपपत्र मुदतीत दाखल झाले, पण ‘अहवाल प्राप्त होताच सादर करू’ या ओळीसह. खटला त्या ओळीवर किती तारखा अडकला, हे मी मोजायचे सोडून दिले. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. प्रयोगशाळेत माणसे अपुरी, ठाण्यात माणसे अपुरी, सरकारी वकिलांकडे एका दिवशी बोर्डावर असलेली प्रकरणे बेसुमार.

हिंगणघाटचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात जाळण्यात आले. ‘शक्ती’च्या मागणीला जोर येण्याचे ते एक मोठे कारण होते. त्या खटल्यात सगळ्या राज्याचे लक्ष होते, तपास झपाट्याने झाला, ख्यातनाम विशेष सरकारी वकील नेमले गेले, तरी जन्मठेपेचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. मधल्या काळात करोना होता हे मान्य. पण जेथे सर्व यंत्रणा हात जोडून उभी होती तेथे दोन वर्षे लागली, तर जेथे कोणी विचारणारे नाही तेथे काय होत असेल?

उलट, पीडितांना प्रत्यक्ष आधार देणारी मनोधैर्य योजना २०१३ मध्ये शासन निर्णयाने आली. तिच्यासाठी विधेयक लागले नाही की कोणाची अनुमती लागली नाही. तिच्यातही त्रुटी आहेत, रक्कम मिळायला विलंब होतो, पण निदान बँक खात्यात काहीतरी येते.

निशाणी पाच यांचे उत्तर

दुसऱ्या सूचनेवर, म्हणजे दिवाणी दाव्यांवर, कोणीच बोलले नाही. आमच्या नशिबी हे नेहमीचेच आहे. जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो, म्हणून लिहितो.

राज्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत केलेल्या दुरुस्तीचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि कोणत्याही आमदाराने नवी दुरुस्ती सुचवण्यापूर्वी ते वाचावे. पूर्वी मुंबईत एक प्रघात पडला होता: शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी द्यावी लागणारी कलम ८० ची नोटीस न देताच दावा दाखल करायचा, अंतरिम मनाई हुकूम मिळवायचा, आणि मग त्या हुकमाच्या छायेत नोटीस देऊन दावा पुन्हा लावायचा. हा गैरप्रकार थांबवण्यासाठी राज्याने १९७० मध्ये कलम ९-क आणले. अंतरिम मनाईच्या अर्जाच्या सुनावणीवेळी प्रतिवादीने न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला हरकत घेतली, तर आधी तो प्राथमिक मुद्दा ठरवायचा आणि मगच मनाईच्या अर्जाचा निर्णय करायचा, असे त्या कलमाने सांगितले. १९७६ मध्ये केंद्राने संहितेत व्यापक बदल केले तेव्हा राज्यांच्या विसंगत दुरुस्त्या गळून पडल्या, म्हणून महाराष्ट्राने १९७७ मध्ये ते कलम पुन्हा घातले. जुना मसुदा यांनी फलकाची जी गोष्ट सांगितली तिचा हा दिवाणी अवतार समजा.

हेतू उत्तम होता, कलमही छोटेसे होते. व्यवहारात झाले असे, की प्रतिवादीच्या वकिलाच्या हाती विलंबाचे एक हुकमी साधन आले. दावा दाखल झाला, निशाणी ५ चा (म्हणजे दाव्यासोबतचा अंतरिम) मनाई अर्ज आला, की लेखी कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, पहिल्याच परिच्छेदात अधिकारक्षेत्राची हरकत घ्यायची. मग त्या मुद्द्यावर पुरावा, साक्षीदारांची उलटतपासणी, युक्तिवाद, निर्णय, त्या निर्णयावर वरच्या न्यायालयात आव्हान. आणि तोपर्यंत मूळ दाव्याचे मुद्देही निघालेले नाहीत. ‘अधिकारक्षेत्र’ या शब्दात दाव्याची मुदत संपल्याची हरकत बसते की नाही, यावर तर सर्वोच्च न्यायालयाचेच २०१५ मधले दोन निर्णय परस्परांविरुद्ध गेले. मुदतीचा मुद्दा त्या कलमाखाली येत नाही, असे अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरवले. गंमत अशी, की तोवर महाराष्ट्राने ते कलमच २०१८ मध्ये रद्द करून टाकले होते. जवळपास अर्धे शतक एक राज्य-दुरुस्ती न्यायालयांचा वेळ खात राहिली आणि तिचा अर्थ तिच्या मरणानंतर निश्चित झाला.

आता ‘दोन वर्षांत निकाल बंधनकारक’ या सूचनेकडे या दृष्टीने पाहा. संहितेत मुदती नाहीत असे नाही. लेखी कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यावी, असे २००२ पासून लिहिलेले आहे. पण ही मुदत मार्गदर्शक आहे, योग्य कारण असल्यास न्यायालय ती वाढवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तारीख वाढवून देऊ नये, असाही नियम आहे, आणि रोजनामे, म्हणजे न्यायालयातील तारखांच्या नोंदी, उघडून पाहिले तर त्याचे काय झाले ते दिसते. याउलट २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यात एकशे वीस दिवसांनंतर लेखी कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो, असे परिणामासह लिहिले आहे आणि न्यायालयांनी ते तसेच लागू केले आहे. दोन्ही ठिकाणी न्यायाधीश तेच, वकील तेच. मुदत चुकल्यावर कोणाचे काय जाणार, एवढे एका कायद्यात लिहिलेले आहे आणि दुसऱ्यात नाही.

म्हणून आपल्या मंडळींना विचारा: दोन वर्षे उलटली तर काय व्हावे? दावा आपोआप निकाली निघावा? मग तो कोणाच्या बाजूने? वादी हरावा असे म्हटले, तर प्रतिवादी दोन वर्षे तारखा घेत बसेल. प्रतिवादी हरावा असे म्हटले, तर वादी तेच करील. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते कलम कागदावर ठेवण्यापुरतेच आहे. तुकड्या-तुकड्यांच्या मुदतींना परिणाम जोडणे शक्य आहे, आणि त्यासाठी विधेयकच हवे असेही नाही. संहितेच्या पहिल्या अनुसूचीतील आदेश आणि नियम बदलण्याचा अधिकार कलम १२२ ने उच्च न्यायालयाला दिलेला आहे. त्याला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते, म्हणजे आमदारांना तेथे शासनामार्फत पाठपुरावा करता येतो. न्यायालयीन शुल्काचा विषय तर पूर्णपणे राज्य सूचीत आहे. त्यात बदल करायला दिल्लीकडे पाहावेच लागत नाही. जमिनीच्या भांडणात मात्र बहुतेक दिरंगाई न्यायालयाच्या बाहेर, मोजणीच्या तारखेत आणि वारस नोंदीच्या फेरफारात, होते. ती महसूल खात्याची बाब आहे आणि त्यावर विधिमंडळात प्रश्न विचारायला एक पत्र पुरते.

वऱ्हाडी वाचक यांचे उत्तर

वरील तिन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी त्यांच्या एकंदर सुराशी मी सहमत नाही. केंद्र जे स्वीकारील तेवढेच राज्याने मागावे, असा त्यांचा मथितार्थ निघतो. राज्यात निवडून आलेल्या सर्व पक्षांनी मिळून मंजूर केलेले विधेयक दिल्लीत वर्षानुवर्षे राहते, हा दोष मसुद्याचा मानायचा की व्यवस्थेचा? महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे आपला मोक्का, १९९९ मध्ये केंद्रीय कायद्यापेक्षा कितीतरी कठोर होता. जामिनाच्या अटी कडक, पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य. तरीही त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो वैध ठरवला. म्हणजे कठोरपणामुळे विधेयक अडकते, हे पूर्ण सत्य नव्हे. राजकीय इच्छा असली की कठोर विधेयकही पार होते. शिवाय पीडितेच्या गावात जो क्षोभ असतो त्याला सभागृहात शब्द मिळणे, यालाही काही मोल आहे. आमदाराने ते विधेयक मांडले आणि ते पडले, तरी त्यावर शासनाला उत्तर द्यावे लागते.

समुपदेशन कक्ष यांच्या प्रयोगशाळेच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो मुद्दा सभागृहात ज्या जोराने यायला हवा त्या जोराने येत नाही, हे खरे आहे.

ओसरी यांचे उत्तर

सर्वांचे आभार. वऱ्हाडी वाचक यांचे म्हणणे आमच्या बैठकीतील अनेकांचे म्हणणे आहे, म्हणून ते मी तसेच वाचून दाखवीन. दोन शंका आहेत. प्रयोगशाळेतील पदे किंवा अधिकची न्यायालये यांची मागणी अशासकीय विधेयकातून करता येईल का? आणि विधेयक समितीकडे गेले, तर नागरिकांच्या सूचनांनी खरोखर काही बदलते का?

जुना मसुदा यांचे उत्तर

आधी वऱ्हाडी वाचक यांच्यासाठी: मोक्काचे उदाहरण योग्य आहे, परंतु तेव्हा संघटित गुन्हेगारीसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदाच नव्हता. टोळीचा म्होरक्या प्रत्यक्ष गुन्ह्याच्या जागी नसतो, त्याला गाठण्याची सोय दंड संहितेत पुरेशी नव्हती. तीही रिकामीच जागा होती. राजकीय इच्छेचा वाटा मी नाकारत नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर: अडचण आहे. ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल, ते राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही (अनुच्छेद २०७, खंड ३). म्हणून अशा प्रत्येक विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा तपशील सांगणारे टिपण, जोडलेले असते, आणि मला विचाराल तर कोणतेही विधेयक शेवटून वाचायला सुरुवात करावी: ज्ञापनात किती न्यायालये, किती पदे आणि किती रुपये लिहिले आहेत ते आधी पाहावे. ते मोघम असेल, तर पुढच्या कलमांतील दिवसांच्या मर्यादा गांभीर्याने घेण्याचे कारण नाही. पदांची मागणी आमदारांनी अर्थसंकल्पातील गृह विभागाच्या मागण्यांवरील चर्चेत आणि तारांकित प्रश्नात करावी. मंजूर किती, भरलेली किती, प्रलंबित नमुने किती, असे तीन आकडे मागावेत. विधेयकावरील भाषणापेक्षा छापील उत्तर अधिक उपयोगी पडते, कारण पुढच्या वर्षी तेच उत्तर समोर धरून पुन्हा विचारता येते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर: कधी कधी बदलते. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले होते. विधानसभेची मुदत संपल्यावर ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्याने मांडून संयुक्त समितीकडे गेले. (‘शक्ती’ मात्र विधानसभा बदलली म्हणून व्यपगत झाले नाही, कारण ते दोन्ही सभागृहांनी आधीच मंजूर केले होते.) त्या समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा कडव्या डाव्या संघटनांपुरता रोख दीर्घ शीर्षकातच स्पष्ट करणे, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा, एवढे बदल झालेले दिसले. विरोधकांचा मूळ आक्षेप, म्हणजे ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या फार सैल आहे हा, त्यानंतरही कायम राहिला.

दोन पानांत काय लिहावे, याविषयी माझी सूचना अशी: शिक्षेला हात लावू नका, साक्षीदारांचा विषय घ्या. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला आहे. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्य शासनाला साक्षीदार संरक्षण योजना तयार करून अधिसूचित करण्यास सांगितले आहे. म्हणजे येथे केंद्राच्या कायद्याशी भांडण नाही. केंद्राच्या कायद्यानेच काम राज्याकडे सोपवले आहे. समुपदेशन कक्ष यांनी सांगितलेली, जबाब बदलणारी मुलगी याच तरतुदींच्या कक्षेत येते. तिला न्यायालयात आणण्या-नेण्याची सोय कोणी करायची, आरोपीचे घर शेजारीच असेल तर साक्ष होईपर्यंत तिने कोठे राहायचे, तिच्या आईची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, आणि जिल्ह्यात यासाठी जबाबदार अधिकारी कोण, ही चार उत्तरे आधी सध्याच्या कायद्यात आणि अधिसूचनेत शोधा. ज्याचे उत्तर सापडणार नाही, तेवढ्यापुरते राज्याच्या स्वतःच्या कायद्यात दुरुस्ती करणारे एक-दोन कलमांचे विधेयक लिहून द्या. राजपत्राचे जुने अंक शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. अडचण आली तर येथे कळवा, मसुद्यावरून एकदा नजर फिरवीन.